थरथरत्या हातांचा दिवा

खोली बघायला गेले तेव्हा गाव, पगार, जात यांतलं काहीही विचारायच्या आधी त्या बाईंनी माझ्या हातात काड्यापेटी ठेवली आणि म्हणाल्या, "लाव बघू. डोळे मिटून."

माझ्याबरोबर माझे मामा होते. बंगळूरला नोकरी लागलेल्या भाचीला चांगल्या घरात ठेवायचं म्हणून निपाणीहून आलेले आणि सकाळपासून बसवनगुडीच्या गल्ल्या तुडवून वैतागलेले. त्यांना वाटलं, मुलीला स्वयंपाक येतो की नाही ते बघणं चाललंय. म्हणाले, "चुलीपासून स्टोव्हपर्यंत सगळं येतं तिला." "ते राहू दे हो," बाई म्हणाल्या, "काडी लावू दे तिला." मी डोळे मिटून काडी ओढली. पेटली. "आता डाव्या हातानं." ती मोडली. "सरी, स्वल्प शिकावं लागेल," म्हणजे ठीक आहे, थोडं शिकावं लागेल, असं म्हणून त्यांनी खोलीची किल्ली माझ्या हातात दिली आणि निघाल्या. भाडं विचारायचं मामांना आठवलं तोवर त्या निम्मा जिना उतरल्या होत्या. तिथूनच त्यांनी ओरडून आकडा सांगितला. मामा मला हळूच म्हणाले, "बाई जरा ही दिसते. पण घर स्वच्छ आहे."

त्या म्हणजे अक्का. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची आणि त्यांच्या यजमानांना अण्णा. एक थोरली बहीण आणि एक थोरला भाऊ, आणि दोघं नवरा-बायको. तिथे कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे, मलाही पुढे वाटेनासं झालं. त्यांचे पूर्वज कधीकाळी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे उतरले आणि इथलेच होऊन गेले. घरात बोलायचे मराठी, पण कानडीच्या चालीवर, आणि पोट भरलं की "पुरे" न म्हणता "साकु" म्हणायचे. आमच्या निपाणीचं मराठीही काही सोवळ्यातलं नव्हे. तेव्हा रॉकेलच्या माझ्या 'घासलेट'ला त्यांनी हसायचं आणि मी त्यांच्या 'सीमेएण्णे'ला, असं आमचं जमलं.

अक्कांना बसलेलं मी पाहिलंच नव्हतं. शेगडीपुढेसुद्धा त्या उकिडव्या, कुठल्याही क्षणी उठता येईल अशा बेतानं. जेवण म्हणजे वाढता वाढता तोंडात टाकलेले घास. संध्याकाळची कॉफी त्या मधल्या खोलीच्या दारात उभ्यानं प्यायच्या, पेला उजव्या हातात नव्हे, डाव्या हातात, कारण उजवा हात मोकळा हवा. आणि डोळे कायम वरच्या बल्बवर. बल्ब जरा मिणमिणला की पेला खाली आणि हात कनवटीला. कनवटीला काड्यापेटी असे, तीही एका चपट्या पत्र्याच्या डबीत, दमट हवेनं गूल सादळू नये म्हणून. त्यांच्याशी बोलताना मला नेहमी वाटायचं, आपली बस सुटतेय. काही महिन्यांनी मीही उभ्यानं कॉफी प्यायला लागले. आई निपाणीहून आली होती तेव्हा म्हणाली, "तुला कसली घाई लागलीय ग?"

घरभर दिवे. कोनाड्यात कंदील, जिन्याच्या वळणावर चिमणी, न्हाणीघराबाहेर मेणबत्ती, देव्हाऱ्यामागे बॅटरी, दारामागे आणखी एक बॅटरी. प्रत्येक दिव्याशेजारी खिळ्याला दोऱ्यानं बांधलेली काड्यापेटी. रात्री आपण ज्या जागी दिवा बघून ठेवावा, सकाळी तो दुसरीकडेच. माझ्या खोलीतला कंदील त्या मी ऑफिसला गेल्यावर येऊन हलवून जात. मी चिडून म्हटलं, "अक्का, रोज जागा बदलल्यावर अंधारात सापडणार कसा?" त्या म्हणाल्या, "म्हणूनच बदलते. तिथं सोय पडत नाही असं काल वाटलं." गल्लीतली मुलं त्यांना बॅटरीअक्का म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. उलट कुणी तोंडावर म्हणालं की त्या थांबून त्याला त्याच्या घरी कुठला दिवा आहे, किती जुना आहे, काच तडकलेली आहे का, अशी चौकशी करत. मग तो पुन्हा म्हणत नसे.

हे सगळं कशासाठी होतं ते आत्ताच सांगून टाकते. मला ते कळायला बराच काळ लागला, पण तुम्हाला ताटकळत ठेवून मला काही मिळायचं नाही. ते सगळं अण्णांसाठी होतं.

अण्णा उंच, सडसडीत, कोट-टोपीशिवाय गल्लीच्या टोकापर्यंतही न जाणारे. भजनी मंडळाचे प्रमुख. दोघांचं भांडण असलं की लोक त्यांना मधे घालत, कारण ते आवाज न चढवता बोलत आणि लोक ऐकत. तरुणपणी ते एका खाणीच्या कचेरीत हिशेबनीस होते. आयुष्यात एकदाच खाली उतरले, हत्यारांची कसलीशी नोंद ताडून बघायला, आणि वर येताना माणसं ओढून नेणारा पिंजरा मधेच अडकला. बरोबरच्या माणसाचा कार्बाइडचा दिवा हळूहळू बारीक होत गेला आणि विझला. त्यांना बाहेर काढलं ते दुसऱ्या दिवशी. अंगाला ओरखडासुद्धा नव्हता. पण त्यानंतर एकाएकी अंधार झाला की त्यांचा श्वास अडकायचा, घाम फुटायचा, हातपाय लटलटायचे आणि घशातून लहान मुलासारखा आवाज निघायचा. हे ठाऊक होतं फक्त अक्कांना. अण्णांना स्वतःच्या भीतीपेक्षा भीती होती ती लोकांना कळण्याची. "कळलं तर घराबाहेर पडणार नाहीत रे हे," पुढे एकदा अक्का मला म्हणाल्या होत्या. बायकांशीही त्या कानडी चालीनं 'रे' म्हणत. "ते भजन, ते कोट-टोपी, सगळं साकु होईल."

मला ते कळलं एका संध्याकाळी. त्या वर्षांत बंगळुरात दिवे जाणं नेहमीचं होतं. वारा सुटला की जायचे, धरणात पाणी उतरलं की जायचे, काहीच झालं नाही तरी जायचे. गेले की खालून अक्कांचा आवाज सुरू व्हायचा. "आले, आले! इथंच आहे!" आणि मग वीजखात्याच्या नावानं जो काही उद्धार सुरू होई तो दिवा लागेपर्यंत थांबत नसे. कानडीत, मराठीत, त्यांच्या सात पिढ्या. मला आधी वाटायचं, बाई कजाग आहे. त्या संध्याकाळी मी भात झाकून काहीतरी मागायला खाली आले होते आणि मधल्या खोलीच्या दारात असतानाच काळोख झाला. अक्का ओरडत ओरडत माझ्या अंगावरून गेल्या, आणि काडी पेटली तेव्हा मला दिसलं की एका हातानं त्या मेणबत्ती लावताहेत, दुसऱ्या हातानं अण्णांचं मनगट घट्ट धरलंय आणि तोंडानं मोठमोठ्यानं वीजखात्याला शिव्या चालू आहेत. त्या शिव्यांखाली अण्णांची धाप ऐकू येत होती. ती माझ्यापर्यंत, शेजारी, रस्त्यावर कुणापर्यंत जाऊ नये म्हणून हा सगळा आरडाओरडा होता.

मेणबत्ती लागली. अण्णांनी पडलेलं वर्तमानपत्र उचलून घडी केली आणि मला म्हणाले, "काय ग, झालं का जेवण?" अक्कांनी मला बाहेर आणलं. "बघितलंस?"

"हो."

"सरी. आता विसर."

मी विसरले नाही, पण कुणाला बोललेही नाही. आज ते दोघंही नाहीत, म्हणून सांगते आहे.

लोकांनी वेडी म्हणावं ही त्यांनी स्वतःच केलेली सोय होती. घरात दिव्यांचं एवढं अवडंबर असलं की कुणीतरी विचारणारच, का म्हणून? तर त्याचं उत्तर गल्लीला आधीच ठाऊक होतं: बॅटरीअक्का. अण्णांकडे कुणाची नजरच जात नसे. लढाईच्या दिवसांत काळोख पाळायची सक्ती झाली, तेव्हा शेजारचेच एक गृहस्थ दंडाला पट्टी बांधून बघायला येत, कुणाच्या घरातून उजेड दिसतो का. अक्कांनी खिडक्यांना काळा कागद लावला, त्यावर चादर, त्यावर सतरंजी, आणि आत तीन कंदील. ते गृहस्थ म्हणाले, "अक्का, एकसुद्धा दिसता कामा नये." अक्का म्हणाल्या, "बाहेरचा अंधार तुझा. आतलं मला सांगू नको." ते बिचारे हसून गेले. त्यांच्या मागे अण्णा जिन्यापाशी उभे होते, आणि त्यांनी अक्कांकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मला अजून दिसते. मला त्या वयात लग्न करायचं नव्हतं. पण ती नजर बघून पहिल्यांदा वाटलं होतं, असं असेल तर बघू.

अक्कांचा दिवा काही ठरत नसे. महिन्या-दीड महिन्यानं त्या मला घेऊन चिकपेटेत जात. शनिवारी माझं ऑफिस अर्धा दिवस असे, त्यामुळे सुटका नव्हती. तिथे हार्डवेअरच्या एका बोळातल्या दुकानात त्या शिरल्या की दुकानदाराचा चेहरा उतरायचा. "अम्मा, आज बेडा," आज नको, असं तो हात जोडून म्हणायचा. अक्का म्हणायच्या, "अंधारात वापरायची वस्तू उजेडात काय बघायची? फळ्या लाव." आणि तो खरोखरच दाराच्या फळ्या लावायचा. खिळे घ्यायला आलेली गिऱ्हाइकंही आत अडकायची. मग त्या काळोखात अक्का दिवा मागत, आणि लावायच्या आधी मुद्दाम दोन्ही हात लटलटा हलवत. खोटं खोटं नव्हे; खांद्यापासून हात थरथरायचे, बांगड्या वाजायच्या. एकदा एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला वाटलं, बाईला झटका आला. त्यानं अंधारात चाचपडत कुठून तरी पाणी आणलं आणि अक्कांच्या डोक्यावर ओतलं. अक्का निथळत म्हणाल्या, "हे पण बघायला हवंच होतं. दिवा ओला झाला तर?"

मी पोट धरून हसले होते. पुन्हा तसं झालं तर पुन्हा हसेन.

कुठलाच दिवा पास होत नसे. कंदिलाला काच वर करायला एक हात, काडीला दोन हात, आणि थरथरता हात लागला की काच खळकन फुटणार. गॅसबत्ती लग्नाच्या मांडवात ठीक. स्पिरिट घाला, पंप मारा, जाळी सांभाळा, तोवर माणूस संपला. चिमणी कलंडते आणि घर पेटवते. मेणबत्ती पेटते चटकन, पण तिला उभी कोण करणार? आडवी पडली की घरंगळत जाते. कार्बाइडचा दिवा दुकानदारानं मोठ्या हौसेनं काढला, स्वस्त आहे, लख्ख आहे म्हणून. त्याचा तो उग्र वास आला मात्र, अक्का नाकाला पदर लावून फळ्या सरकवून रस्त्यावर. त्या दिवशी काहीच न घेता आम्ही परत आलो. बसमध्ये त्या नुसत्या खिडकीबाहेर बघत होत्या. तो वास घरात आणणं शक्यच नव्हतं.

त्यातल्या त्यात बॅटरीवर त्यांची मर्जी होती. बटण सरकवलं की झालं. पण सेल न सांगता मरतात, आणि दुसरंही एक कारण होतं. "बॅटरीचा उजेड एकाच बाजूला रे. मागं अंधार राहतोच. मग माणूस मागंच बघत राहतो." हे त्यांना कुणी सांगितलं असेल ते मी विचारलं नाही.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की दिवा घेताना लावणाऱ्याचे हात थरथरताहेत असं धरूनच घ्यायचा. ज्याचे हात स्थिर आहेत त्याला कुठलाही चालतो. मी एकदा न राहवून म्हटलं, "मग अण्णांच्या हातात देऊन बघा ना. लावू द्या त्यांना. सगळी परीक्षा तुम्हीच देता!"

अक्का माझ्याकडे वळल्या तेव्हा मला त्यांची भीतीच वाटली. "एकदा दिली होती," त्या म्हणाल्या. "काडी लागली आणि विझली. काडी विझल्यावर होतो तो अंधार आधीच्यापेक्षा वाईट असतो. तुला काय ठाऊक? तू झोपतेस दिवा मालवून." त्यानंतर कितीतरी दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलत होत्या. मला राग आला होता. माझं काय चुकलं, हे मला तेव्हाही कळलं नाही, आणि खरं तर माझं काही चुकलं नव्हतं.

आता त्या अमावास्येचं सांगते.

आषाढातली दिव्यांची अवस. घरातले सगळे दिवे घासूनपुसून पाटावर मांडायचे, त्यांची पूजा करायची, कणकेचे गोड दिवे उकडायचे. त्याच दिवशी तिकडे भीमन अमावास्या असते आणि कानडी घरांतून बायका नवऱ्याच्या पायांची पूजा करतात. अक्कांच्या घरी दोन्ही. आधी दिवे, मग अण्णांचे पाय, एकाच बैठकीत. अक्कांच्या लेखी दिवा म्हणजे समई-निरांजनच नव्हे. कंदील, चिमण्या, बॅटऱ्या, सायकलचा दिवा, सगळं घासलं जायचं. रॉकेल बाटलीत ओतून घ्यायचं, जुन्या वाती काढायच्या, काचा राखेनं पुसायच्या. बॅटऱ्यांमधले सेल काढून गच्चीवर उन्हात ठेवायचे. त्यानं त्यांत जीव येतो असं तेव्हा सगळेच मानत. वरच्या बल्बलासुद्धा कुंकवाचं बोट लागे. या सगळ्यात एक कंदील त्या नेहमी भरून, पेटवून मागे ठेवत आणि तो धुवायचा ते दुसरा लागल्यावर. पण त्या वर्षी आवरायला उशीर झाला. सगळे दिवे पाटावर चकचकीत, रिकामे, मांडलेले. अक्का पहिल्या कंदिलात तेल घालायला बाटली घेऊन वाकल्या आणि वर पन्हाळीवर थेंब वाजले.

"अय्यो, सेल!" बाटली तिथेच ठेवून त्या मागच्या जिन्यानं गच्चीकडे पळाल्या. बल्ब चालू होता, म्हणूनच पळाल्या.

अण्णा पाटासमोर बसले होते. पाय धुऊन, पितांबर नेसून, पूजेची वाट बघत. मी आत स्वयंपाकघरात उकडलेले दिवे काढत होते. आधी उकडलेल्या दिव्यांचं ताट तूप-वाती घालून आरतीसाठी बाहेर पाटाशी ठेवलेलं होतं.

दिवे गेले.

"आले, आले! इथंच..." वरून अक्कांचा आवाज आला, आणि मग जिन्यावर काहीतरी धप्पकन पडलं. त्यापुढे काही नाही. शिव्या नाहीत, बांगड्या नाहीत, काहीच नाही.

मी "अक्का!" म्हणून हाक मारली. उत्तर नाही. मधल्या खोलीतून तो आवाज यायला लागला, अडकलेल्या श्वासाचा. घरातला एकूण एक दिवा त्या माणसाच्या भोवती मांडलेला होता आणि त्यातला एकही लागण्यासारखा नव्हता. माझ्या मागे शेगडीतले निखारे लाल दिसत होते. मी भिंत धरत दारापर्यंत गेले. "अण्णा, मी आहे. काड्यापेटी द्या इकडे."

पूजेची काड्यापेटी त्यांच्याच हातात होती. खडखडत होती. काडी घासल्याचा आवाज आला, मोडल्याचा आला. आणखी एक मोडली. "द्या अण्णा," मी म्हटलं.

"ती बोलत नाही," ते म्हणाले. आवाज त्यांचा वाटतच नव्हता. "ती का बोलत नाही?"

काडी पेटली. त्या उजेडात त्यांचा घामानं भिजलेला चेहरा दिसला. त्यांनी ती जवळच्या कंदिलाकडे नेली. कंदिलात वातच नव्हती. काडी विझली. अक्का म्हणाल्या होत्या ते मला आठवलं आणि मी त्यांच्याकडे झेप घ्यायला हवी होती. पण मला भीती वाटत होती, की मी हात लावला तर ते कोसळतील. पुन्हा काडी घासली गेली. या वेळी त्यांनी ती खाली, ताटाकडे नेली. कणकेच्या दिव्याची तुपातली वात लगेच धरली. काच नाही, खटका नाही, पंप नाही. त्यांचा हात एवढा हलत होता की ज्योत एका वातीवरून दुसऱ्या वातीवर आपोआपच गेली. सगळं ताट पेटलं.

ते ताट उचलून उठले. तूप सांडत होतं, बोटांवर पडत होतं, चटके बसत असणार. ताट डुगडुगत होतं, पण उकडलेली कणीक ताटाला चिकटून बसली होती. एक दिवा जागचा हलला नाही. मागच्या दारातून वारा आला तसे काही विझले. अण्णा अंगानं ताट झाकत, भुरभुर पावसात, जिन्याच्या पायऱ्या चढायला लागले आणि माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. ते ओरडत होते, "आलो, आलो! इथंच आहे!"

अक्का जिन्याच्या वळणावर पडल्या होत्या. पाय मुरगळून अंगाखाली गेलेला, पाठीला मार बसल्यानं तोंडून शब्द फुटत नव्हता. सेल मात्र पदरात गच्च धरलेले. अण्णा त्यांच्या शेजारी ओल्या पायरीवर बसले आणि ताट मांडीवर घेतलं. दोन-तीन वाती अजून तेवत होत्या. अक्कांनी त्यांच्याकडे बघितलं, ताटाकडे बघितलं, त्यांच्या हातांकडे बघितलं. श्वास परत आल्यावर पहिलं वाक्य काय बोलाव्यात? "पूजा व्हायच्या आधी ताट कशाला हलवलंत?"

आणि मग त्या रडायला लागल्या. मीही रडले. अण्णा तेवढे रडले नाहीत. शेजाऱ्यांना बोलवायला मी धावले, ते आले, दिवे परत आले, अक्कांना उचलून खाली नेलं, तरी अण्णांनी ते ताट खाली ठेवलं नव्हतं. शेजारी म्हणाले, "अण्णा, बरे वेळेवर धावलात." अण्णा म्हणाले, "हो, ही अंधारात भिते जरा."

अक्का कण्हत होत्या. पण हे ऐकून त्यांनी माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले.

घोटा बरा व्हायला पुष्कळ दिवस लागले. अंथरुणावर त्यांची जी तडफड चाले ती बघवत नसे. तिथूनच त्यांनी नवा शोध लावला: कणकेचे दिवे करून वाळवून ठेवायचे, रोजच्या वापराला. मला करायला लावले. गच्चीवर वाळत टाकले, तर अर्धे खारींनी नेले आणि उरलेल्यांना मुंग्या लागल्या. गूळ न घालता केले, तर ते वाळून तडकले आणि तूप गळलं. "मैद्याचे करून बघू," अक्का म्हणाल्या. मी सरळ नाही म्हणून सांगितलं.

पुढे त्या काठी घेऊन हिंडायला लागल्या. एका संध्याकाळी मी ऑफिसमधून आले तेव्हा त्या बाहेरच्या कट्ट्यावर टेकल्या होत्या, काठी बाजूला, कॉफीचा पेला शेजारी. मीही टेकले. अण्णा आत वर्तमानपत्र वाचत होते. समोरच्या घरात कुणीतरी रेडिओ लावला होता. तो एकदम बंद पडला, आणि सगळी गल्ली काळी झाली.

अक्कांचा हात काठीवर गेला. त्या अर्ध्या उठल्या. "आले" एवढं तोंडापर्यंत आलेलं मला ऐकू आलं. मग त्यांनी काठी सोडली आणि माझं मनगट धरलं. बांगडी रुतेल इतकं जोरात.

आतून काडी घासल्याचा आवाज आला. मोडली.

"उभी धरताहेत," अक्का पुटपुटल्या. "तिरपी धरा, तिरपी."

दुसरी मोडली. आत खुर्ची सरकली. धापेचा आवाज आता कट्ट्यापर्यंत येत होता. रस्त्यावरून सायकल हातात धरून कुणीतरी चाललं होतं. ऐकणाऱ्याला तो आवाज कसला ते कळलं असतं. मी अक्कांकडे तोंड करून मोठमोठ्यानं वीजखात्याला शिव्या द्यायला लागले. मला येत होत्या तेवढ्या सगळ्या, कानडीत आणि मराठीत. अक्कांची पकड सैल झाली नाही. त्या थरथरत होत्या, आणि या खेपेला ती परीक्षा नव्हती. पण त्या उठल्या नाहीत.

मग खिडकीत उजेड झाला. आधी बारीक, मग स्थिर. अण्णांची सावली भिंतीवर सरळ उभी राहिली आणि आतून त्यांचा नेहमीचा आवाज आला, "बाहेर आणू का ग दिवा?"

"नको," अक्का म्हणाल्या. "असू दे तिथंच."

त्यांनी माझं मनगट सोडलं आणि चाचपडत पेला उचलला. कॉफी पार गार झाली होती. त्यांनी ती बसूनच प्यायली.